मदत हवी आहे: डिझेल इंजिनला बायपास ऑइल फिल्टर बसवावा का?

जुनं टर्बो डिझेल, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) चालू, फिरणं बहुतेक जवळपासचंच. ऑइल बदललं की लगेच डिपस्टिक काळीकुट्ट. ग्रेड बरोबर आहे, इंजेक्टर तपासून झालेत, इंजिन ऑइल खात नाही.

बायपास फिल्टर थोडंथोडं ऑइल घेऊन मूळ फिल्टरपेक्षा खूप बारीक, 2-3 मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गाळतो म्हणे. पण काजळीचे सुटे कण तर 1 मायक्रॉनहूनही बारीक! शिवाय ऑइलमध्ये उतरलेलं डिझेल गाळून थोडंच निघणार? वरून जादा होस फुटायची धास्ती.

ऑइल बदलायची मुदत वाढवायची नाहीये. बेअरिंग आणि टर्बोची झीज कमी व्हावी, एवढंच. ज्यांनी बसवलाय त्यांनी आधी आणि नंतर लॅबमध्ये ऑइल तपासलंय का? झीज दाखवणारं ऑइलमधलं लोखंडाचं प्रमाण खरंच घटलं का?