शब्दचर्चा : सार्वभौमत्व की सुभेदारी? (वाइतांगीचा तह)

बोरूबहाद्दर :
मंडळी, न्यूझीलंडवरचा एक लेख मराठीत आणतोय आणि एका जागी गाडी अडलीये. ६ फेब्रुवारी १८४० ला वाइतांगीत ब्रिटिश आणि तिथले मूळ रहिवासी माओरी यांचे टोळीप्रमुख, यांच्यात तह झाला. मसुदे दोन, एक इंग्रजी, एक माओरी. पहिल्या कलमात इंग्रजीप्रमाणे प्रमुखांनी राणीला 'सॉव्हरेन्टी' दिली. माओरीत त्या जागी शब्द आहे 'कावनातंगा'. दुसऱ्या कलमात माओरी मसुदा म्हणतो, जमिनी, गावं आणि 'ताओंगा' यांवरची 'तिनो रंगातिरातंगा' त्यांच्याकडेच राहील. इंग्रजीत तिथे नुसता 'निर्वेध ताबा'. दोन्ही माओरी शब्दांना 'सार्वभौमत्व' म्हटलं तर जे दिलं तेच ठेवूनही घेतलं असं होतं. वाचक मलाच वेड्यात काढेल. सुचवा.

चिंचेखाली :
आधी ती 'टोळी' काढा हो. मराठीत टोळी दरोडेखोरांची, नाहीतर ऊसतोडीची. 'इवी'ला जमात म्हणा आणि 'हापू'ला सरळ भावकी. तिथला खरा राजकीय घटक भावकीच होता. 'मूलनिवासी'ही जपून वापरा, त्या शब्दाला महाराष्ट्रात वेगळाच राजकीय अर्थ चिकटलाय.

मोडीवाचक :
'कावना' म्हणजे 'गव्हर्नर'च, माओरी जिभेवर बसलेला. आपण नाही का लॉर्डचा 'लाट' केला. त्याला 'तंगा' लावून भाववाचक नाम. आता गंमत बघा. माओरींनी गव्हर्नर पाहिला तो एक सिडनीचा, आणि दुसरा बायबलात, येशूच्या खटल्यातला रोमन अधिकारी पिलात. मिशनऱ्यांच्या माओरी बायबलात पिलात 'कावना' आहे. आपल्या मराठी बायबलात तो कोण आहे? 'सुभेदार'! आणि प्रभूच्या प्रार्थनेतलं 'तुझे राज्य येवो' माओरीत 'रंगातिरातंगा' शब्दानंच येतं. म्हणजे त्यांच्या कानांनी ऐकलं तर कलम असं: राणीला सुभेदारी दिली, राज्य आमचं राहिलं. 'तिनो' म्हणजे अस्सल, पुरतं. मी तरी 'सुभेदारी' आणि 'पुरतं राज्य' लिहीन.

बोरूबहाद्दर :
सुभेदारी! हे डोक्यातही आलं नव्हतं. पण सुभेदार वरच्याच्या हुकमाखाली असतो, स्वतः मालक नसतो. इथे वरचा कोण? राणीच ना?

मोडीवाचक :
हो, तिथे शब्द थोडा तोकडा पडतो. पण अनुवादक काय करत होता तेही पाहा. मिशनरी हेन्री विल्यम्स आणि त्याचा मुलगा एडवर्ड यांनी ४ फेब्रुवारीच्या रात्रीत तो मसुदा माओरीत उतरवला. याच विल्यम्सनं १८३५ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सार्वभौम सत्तेसाठी 'किंगितंगा' (राजेपण) आणि 'माना' (अधिकार, वट) असे शब्द वापरले होते. 'कावनातंगा' तिथेही होता, पण राज्यकारभाराच्या अर्थानं. पाच वर्षांनी 'माना' गायब. का, ते त्याच्या मनाला ठाऊक. 'तुमचा माना आम्हाला द्या' असं लिहिलं असतं तर कोणी म्होरक्या कागदाला शिवला असता असं मला वाटत नाही.

दक्षिणगोलार्ध :
ऑकलंडहून लिहितोय. इथे ६ फेब्रुवारीला सार्वजनिक सुट्टी असते. सुमारे ५४० म्होरक्यांनी सह्या केल्या, त्यांतल्या इंग्रजी प्रतीवर फक्त ३९. बाकी सगळ्या माओरी प्रतींवर. मूळ कागद वेलिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात अंधाऱ्या दालनात काचेमागे ठेवलेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ते सरकारी इमारतीच्या तळघरात पडले होते, उंदरांनी कुरतडले, पाण्यानं खाल्ले. वाचलेल्या भागावर काही सह्यांच्या जागी चेहऱ्यावरच्या गोंदणातली नक्षी काढलेली दिसते.

मोडीवाचक :
वा! आपल्याकडे पाटलाची 'निशाणी नांगर' असायची, तसंच हे.

रोखठोक :
शब्द सुंदर आहेत, पण 'भाषांतराचा घोळ झाला हो' ही गोष्ट सरकारला फार सोयीची आहे. जमिनी काही शब्दकोशानं गेल्या नाहीत. १८६३ मध्ये वायकातो या माओरी मुलखावर फौज घातली, त्याच वर्षी कायदा करून 'बंडखोरां'च्या जमिनी जप्त करायची सोय केली. १८६५ मध्ये जमिनीसाठी वेगळं कोर्ट काढलं. भावकीची जमीन असली तरी दाखल्यावर जास्तीत जास्त दहा नावं. सातबाऱ्यावर दहा जण आणि बाकी भाऊबंद बेदखल, आणि ते दहा जण विकायला मोकळे! १८७७ मध्ये सरन्यायाधीश प्रेंडरगास्ट यांनी तर तहाला कायद्यानं शून्य ठरवलं. म्हणजे माओरी मसुदा सोडाच, इंग्रजी मसुद्यातला 'निर्वेध ताबा'ही पाळला नाही. लेखात हे नसेल तर सुभेदारी लिहा नाहीतर सार्वभौमत्व, काय फरक पडतो?

चिंचेखाली :
+१. पण शब्दानं अगदीच फरक पडत नाही असं नाही. १९७५ मध्ये वाइतांगी न्यायाधिकरण नेमलं आणि १९८५ मध्ये त्याला थेट १८४० पासूनच्या तक्रारी ऐकायची मुभा मिळाली. कायद्यानं त्यांना दोन्ही मसुदे लक्षात घ्यावे लागतात. २०१४ मध्ये त्याच न्यायाधिकरणानं म्हटलं की १८४० मध्ये सह्या करणाऱ्या उत्तरेकडच्या म्होरक्यांनी सार्वभौमत्व दिलंच नव्हतं. सरकारनं लगेच सांगितलं, सत्ता आमचीच.

दक्षिणगोलार्ध :
आणि वाद जुना झालेला नाही. २०२४ मध्ये तहाची 'तत्त्वं' नव्यानं ठरवणारं विधेयक आलं. विधेयकात दुसऱ्या कलमातली रंगातिरातंगा पातळ होतेय, हीच लोकांची तक्रार. नोव्हेंबरात संसदेवर प्रचंड मोर्चा गेला. एप्रिल २०२५ मध्ये विधेयक ११२ विरुद्ध ११ मतांनी पडलं. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांना इथे 'तांगाता तिरिती' म्हणतात, तहामुळे इथे राहायचा हक्क मिळालेली माणसं. माओरी स्वतः 'तांगाता फेनुआ'. अवांतर: 'फेनुआ' म्हणजे जमीनही आणि बाळंतपणातली वारही, आणि ती वार जमिनीत पुरायची रीत अजून आहे.

चिंचेखाली :
मग 'नाळ पुरलेली माणसं' म्हणा. 'भूमिपुत्र' लिहिलंत तर मुंबईकर भलतंच समजतील. आणि 'तिनो रंगातिरातंगा'साठी मला गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाची गोंडी घोषणा आठवते, 'मावा नाटे मावा राज', आमच्या गावात आमचं राज्य. दिल्ली-मुंबईतलं सरकार मान्य, पण गावात आम्हीच सरकार.

रोखठोक :
घोषणा चपखल आहे, प्रसंग नाही. गडचिरोलीत कोणी राणीशी तह केला नव्हता. तिथली लढाई वनहक्क कायदा आणि ग्रामसभेच्या वाटेनं झाली. तळटीप द्या हवी तर, मजकुरात घुसडू नका.

बोरूबहाद्दर :
ठीक. पहिल्या कलमात 'कारभाराचा अधिकार' लिहितो, कंसात कावनातंगा. सुभेदारीचा किस्सा तळटिपेत. दुसऱ्यात 'पुरतं राज्य'. 'टोळी' सगळीकडून काढली. सार्वभौमत्व फक्त इंग्रजी मसुद्याबद्दल बोलताना. आणि १८६५ च्या कोर्टावर एक परिच्छेद वाढवतोय, रोखठोक यांच्या धाकानं. आता राहिला 'ताओंगा'. 'मौल्यवान वस्तू' चालेल?

दक्षिणगोलार्ध :
'वस्तू' नको. १९८६ मध्ये न्यायाधिकरणानं माओरी भाषाही ताओंगा ठरवली आणि पुढच्या वर्षी ती अधिकृत भाषा झाली. भाषेला वस्तू कसं म्हणणार?

मोडीवाचक :
'ठेवा' लिहा. भाषेलाही चालतो, नदीलाही.