मदत हवी आहे: क्रीट, आठ रात्री आणि चार दुखरे गुडघे

मंडळी, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ग्रीसमधल्या क्रीट बेटावर जायचं चाललंय. आम्ही दोघं जर्मनीत असतो, आईबाबा सांगलीहून येतायत, त्यांचा शेंगेन व्हिसा हातात आहे त्यामुळे ती कटकट नाही. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे, त्यांना क्नोसोसचा राजवाडा बघायचाय, गेले दोन महिने व्हिडिओ कॉलवर माझी मिनोअन (तिथल्या कांस्ययुगातल्या) संस्कृतीची शिकवणी चालू आहे. बायकोला एलाफोनिसी किनाऱ्याची गुलाबी वाळू. आईला समुद्र, पण पाण्यात उतरणार नाही म्हणते (बघू). आणि मला समारियाची घळ चालायचीय, 16 किमी.

घोळ असा झाला की नकाशावर बेट एवढंसं दिसतं म्हणून मी एक्सेलमध्ये रोज एक ठिकाण टाकत गेलो आणि मग कळलं की हे लांबीलाच 260 किमी आहे, म्हणजे पुणे-कोल्हापूरच्या वर, आणि मध्ये सगळे डोंगर, त्यांचा सर्वांत उंच डोंगर प्सिलोरितिस 2456 मीटर, आपल्या कळसूबाईच्या दीडपट. आता एका जागी राहायचं की दोन? गाडी घ्यावीच लागेल का? बालोसच्या किनाऱ्याला गाडी नेता येते का? आईबाबा दोघांचेही गुडघे बोलतात, बाबा कबूल करत नाहीत तो भाग वेगळा. आणि सगळ्यात मोठा प्रश्न, आई पक्की शाकाहारी, अंडंही नाही, वर सोमवारचा उपास.

उनाडटप्पू: दोन जागा करा. पश्चिमेला हानियाला पाच रात्री, मग हेराक्लिऑनला तीन. विमानतळ दोन्हीकडे आहेत, एकीकडे उतरा, दुसरीकडून परत जा. मधलं अंतर 140 किमीच्या आसपास आहे, वाटेत रेथिम्नोला जेवून आरामात जायचं. त्या हायवेवर मागच्या गाडीवाल्याला ओव्हरटेक करता यावं म्हणून पुढच्यानं अर्धी गाडी कडेच्या पट्ट्यावर घ्यायची अशी पद्धत आहे, पहिल्या दिवशी छातीत धडधडतं मग सवय होते.

बालोसला गाडी नेऊ नका. शेवटचे काही किमी कच्चा रस्ता आहे, बऱ्याच भाड्याच्या गाड्यांचा विमा तिथे चालत नाही, शिवाय पार्किंगपासून खाली उतरून परत उन्हात चढायचं. त्यापेक्षा किसामोसहून बोट. एलाफोनिसीला मात्र पाणी गुडघाभर, काकू नक्की उतरतील. फक्त वाळू किंवा शिंपले पिशवीत भरू देऊ नका, सक्त मनाई आहे.

समारिया तुम्ही एकटे करा. 1200 मीटरहून जास्त उतार, सगळा दगडगोट्यांचा, चांगल्या गुडघ्यांचीही वाट लागते. खाली आया रुमेली गावाला रस्ताच पोचत नाही, बोटीनं बाहेर पडायचं आणि मग बस, म्हणजे पहाटे निघालात की अंधार पडायला परत. घरच्यांना अगदीच बघायची असेल तर होरा स्फाकिऑनहून बोटीनं आया रुमेलीला जाऊन खालून झेपेल तेवढं आत चालायचं.

क्नोसोसला सकाळी उघडतानाच जा, सावली फार कमी. तिथले लाल खांब आर्थर इव्हान्स या इंग्रज पुरातत्त्वज्ञानं 1900 नंतर उत्खनन करताना काँक्रीट ओतून पुन्हा उभे केलेत, हे काकांना आधीच सांगा म्हणजे तिथे वाद नको. दुपारी हेराक्लिऑनचं म्युझियम, फेस्टॉसची चकती (अजून न वाचता आलेल्या चिन्हांची मातीची तबकडी) तिथेच आहे.

आधी_पोटोबा: काकूंची काळजी सोडा. डाकोस म्हणजे बार्लीचा कडक टोस्ट, वर किसलेला टोमॅटो, चीज आणि ऑलिव्ह तेल. होर्टा म्हणजे उकडलेल्या रानभाज्या, वर लिंबू. गेमिस्ता म्हणजे भात भरलेली ढोबळी आणि टोमॅटो, कधीकधी खिमा असतो म्हणून "होरीस क्रेआस" म्हणजे मांस नको असं सांगायचं. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचेही उपास असतात, त्याच्या पदार्थांना निस्तीसिमो म्हणतात, मांस, दूध, अंडी काही नाही. पण थांबा, ऑक्टोपस आणि शिंपले त्यांच्या उपासाला चालतात!! त्यामुळे नुसतं निस्तीसिमो ऐकून ऑर्डर देऊ नका. जेवणानंतर फळं आणि राकी (तिथली कडक दारू) बऱ्याचदा फुकट येते, काकांचं काय ते तुम्ही बघा.

धागाकर्ता: भारी माहिती, दोघांनाही धन्यवाद! हानिया पाच, हेराक्लिऑन तीन पक्कं. समारिया एकट्यानं, त्या दिवशी बाकीचे हानियाच्या जुन्या बंदरात बसतील. इव्हान्सच्या काँक्रीटचं बाबांना सांगितलं, त्यांना आधीच माहीत होतं आणि त्यावर मलाच अर्धा तास ऐकून घ्यावं लागलं. आई ऑक्टोपसवर एवढंच म्हणाली की मग कसला उपास. ती साबुदाणा बरोबर घेतेय, तेव्हा स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट हवं, हानियाच्या जुन्या गावात जिने फार असतात का? तळमजला मिळेल असं कुठे शोधू?