ब्रेसेस निघाल्या, पण रिटेनर घट्ट लागतो आणि वासही येतो, काय करू?

मनमोकळी:
नमस्कार मंडळी, माझ्या ब्रेसेस नुकत्याच निघाल्या आणि डॉक्टरांनी वर-खाली दोन्हीकडे ट्रान्स्परंट रिटेनर (दात परत सरकू नयेत म्हणून घालायचं प्लास्टिकचं कव्हर) दिलेत, शिवाय खालच्या पुढच्या दातांच्या मागे एक बारीक तार कायमची चिकटवलीये. खाताना आणि ब्रश करताना काढायचा, बाकी पूर्ण वेळ घालायचा असं सांगितलंय. पण कधी बाहेर असताना चार-पाच तास काढलेला राहिला की परत घालताना इतका घट्ट जातो की दात ठणकतात, हे नॉर्मल आहे का? दुसरं म्हणजे आतून पांढरट थर धरायला लागलाय आणि सकाळी काढला की वास येतो, रोज पेस्ट लावून घासते तरी जात नाही. बाळाच्या बाटल्या उकळतात तसा पाण्यात उकळून काढला तर चालेल का? आणि हे सगळं नक्की किती दिवस? कोणी सहा महिने म्हणतं, कोणी आयुष्यभर. मैत्रिणीने वर्षभरात सोडून दिला, तिचे दात तर छान दिसतात.

अर्धविराम:
उकळू नका, प्लीज!! ते प्लास्टिकचं पातळ शीट गरम करूनच तुमच्या दातांच्या साच्यावर बसवलेलं असतं, म्हणजे गरम पाण्यात टाकलं की आकार गेलाच, आणि डोळ्याला दिसणार नाही इतका वाकला तरी दातावर नीट बसत नाही. उन्हात तापलेल्या गाडीतही ठेवू नका. आणि टूथपेस्ट आजपासून बंद, तिच्यातल्या बारीक कणांनी चरे पडतात आणि मग त्या चऱ्यांतच थर साचतो, वास तिथूनच येतो. त्यापेक्षा एक वेगळा मऊ ब्रश ठेवा, लिक्विड सोपचा एक थेंब, गार पाणी, बस्स. काढल्या काढल्या लगेच धुवायचा हे महत्त्वाचं, लाळ वाळली की थर घट्ट होतो. कवळी साफ करायच्या गोळ्या मिळतात त्यापण चालतात, पाकिटावर लिहिलंय तेवढाच वेळ ठेवायचा. आत्ता जो पांढरा थर आलाय तो लाळेतल्या क्षारांचा असणार, पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्यात 15-20 मिनिटं ठेवा आणि मग हलक्या हाताने घासून भरपूर पाण्याने धुवा.

दाढदुखी_नको:
मी ऑर्थोडॉन्टिस्ट (दात सरळ करणारा डॉक्टर) आहे, घट्टपणाबद्दल लिहितो कारण तो प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. दात थेट हाडाला चिकटलेला नसतो, मध्ये तंतूंचा पातळ थर असतो. ब्रेसेसने दात सरकवला की हे तंतू ताणले जातात आणि नव्या जागेशी जुळवून घ्यायला वेळ घेतात, मुळाभोवतीचे तीन-चार महिन्यांत जुळतात, हिरडीतले त्याहून उशिरा, आणि दाताच्या मानेभोवतीचे लवचिक तंतू तर वर्षभर सुद्धा दाताला मागे ओढत राहतात. पीळ पडलेला दात सरळ केला असेल तर तो सगळ्यात जास्त फिरतो. म्हणून काही तास काढल्यावर घट्ट लागणं याचा अर्थ दात तेवढ्यात थोडासा हलला आणि रिटेनर त्याला परत आणतोय.
आता आरशासमोर उभं राहून बघा. रिटेनर पूर्ण खाली बसला, दाताच्या टोकाशी फट नाही, आणि दाब थोड्या वेळात कमी झाला तर घालत राहा, वेळ वाढवा. पण एका बाजूला टेकतो आणि दुसरीकडे उचलतो, किंवा फट दिसते, तर जोर लावू नका आणि चावून तर अजिबात बसवू नका, तडकतो. सरळ क्लिनिकला फोन करा. काढतानाही एका बाजूने ओढू नका, दोन्हीकडच्या दाढांपासून आतल्या बाजूने बोटांनी सोडवा.
किती दिवस? पूर्ण वेळ किती महिने ते तुमचे डॉक्टर केस बघून ठरवतील, नंतर फक्त रात्री. पण रात्रीचा मात्र, दात सरळ हवेत तोवर. वय वाढेल तसे खालचे पुढचे दात सगळ्यांचेच थोडे गर्दी करतात, ज्यांनी कधी ब्रेसेस लावल्या नाहीत त्यांचेही. मैत्रिणीला म्हणावं जुना रिटेनर एकदा घालून बघ.

शाळेचा_डबा:
माझ्या मुलाच्या ब्रेसेस अजून चालू आहेत, मोठीचा रिटेनर. एक सांगते, जेवताना टिश्यूत गुंडाळून कधीच ठेवू नका, ताटाबरोबर कचऱ्यात जातो! केस कायम बॅगेत, आणि घरात कुत्रा असेल तर केस उंच जागी, त्यांना तो चावायला फार आवडतो. रिटेनर घालून गोड ड्रिंकही नको, ते आत दाताला चिकटून राहतं. पाणी चालतं. मुलाला आमच्या डॉक्टरांनी हेच बजावलंय की ब्रॅकेटच्या (दातावर चिकटवलेल्या ब्रेसेसच्या छोट्या तुकड्यांच्या) भोवती नीट घासलं नाही तर ब्रेसेस निघाल्यावर दातावर पांढरे डाग राहतात, त्यामुळे मधल्या फटींचा छोटा ब्रश रोज रात्री, मग तो कितीही कुरकुरला तरी.

मनमोकळी:
खूप खूप आभार सगळ्यांचे. आरशात बघितलं, वरचा अगदी नीट बसतो. खालचा डावीकडे बसतो पण उजव्या सुळ्याशेजारच्या दातावर बारीक फट दिसतेय, आणि जीभ लावली तर त्याच दातामागे तार थोडी टोचते.

दाढदुखी_नको:
मग तारेचा तिथला चिकटवलेला ठिपका सुटला असण्याची शक्यता आहे. असं झालं की दुखत नाही, म्हणून कळत नाही आणि दात निवांत सरकतो. उद्याच फोन करा, पुढच्या व्हिजिटची वाट बघू नका. टोचत असेल तर त्या टोकावर ऑर्थोडॉन्टिक वॅक्स (ब्रेसेससाठीचं मऊ मेण) लावा, तार स्वतः वाकवू किंवा कापू नका. वरचा चालू ठेवा, खालचा दाबून बसवू नका, आणि जाताना दोन्ही रिटेनर केसमध्ये घालून बरोबर न्या. तार परत चिकटवली की तिच्याखालून फ्लॉस कसा काढायचा तेही तिथेच करून दाखवायला सांगा, खालच्या दातांमागे टार्टर (दातावरचा कडक झालेला थर) फार लवकर साचतो.