पुरात भिजलेलं संग्रहालय: आधी काय वाचवायचं आणि आठवणी कशा नोंदवायच्या?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. २२ जुलै २०२१ च्या पुराचा फटका चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरालाही बसला. १८६४ पासूनची संस्था, आणि २००५ लाही तेच झालं होतं. नदीकाठच्या छोट्या संग्रहालयांसाठी तयारीचा कागद करायचा आहे. ऐवज मिश्र: पोथ्या, फोटो, ताम्रपट, हत्यारं, लाकडी कोरीवकाम. पाणी ओसरल्यावर आधी हात कशाला लावायचा? आणि पुराच्या आठवणी त्याच दालनात ठेवायच्या तर ध्वनिमुद्रण कसं करावं?

कागदवेडा
आधी कागद आणि फोटो. कोकणातल्या जुलैच्या दमट हवेत ४८ तासांत बुरशी धरते. सगळं एकदम वाळवायला जाऊ नका, तेवढी माणसं आणि जागा कुणाकडेच नसते. गोठवून वेळ विकत घ्यायचा.

पुस्तक मिटलेलंच धरून स्वच्छ पाण्याच्या तीन-चार टबांतून एकामागून एक बुचकळायचं. गाळ चोळायचा नाही, तो कागदाच्या धाग्यांत शिरतो. मग बटर पेपरात गुंडाळून, पुठ्ठ्याचा कणा खाली करून क्रेटमध्ये एकच थर. वर थर रचला की खालची पुस्तकं कायमची वाकतात. रत्नागिरी पट्ट्यात मासळीची शीतगृहं आहेत, उणे १८ ते २० अंशांची. त्यांच्याशी बोलणं पावसाळ्याआधी करून ठेवा. क्रेट पॉलिथिनमध्ये नीट बंद करा, नाहीतर वास कागदाला धरतो. मग दहा-वीस पुस्तकं बाहेर काढून सवडीने वाळवायची: दर वीसेक पानांनी कोरा न्यूजप्रिंट, ओला झाला की बदलायचा. छापील वर्तमानपत्र नको, शाई उमटते.

गुळगुळीत आर्ट पेपरची पुस्तकं रांगेत सगळ्यात पुढे. ती मिटलेली वाळली की पानांची वीट होते, मग कुणी सोडवू शकत नाही.

हातच्या पोथ्या टबात घालू नका. काजळीची शाई पाण्यात विरघळत नाही, पण तिच्यातला डिंक मऊ होतो आणि बोट लागलं की अक्षर सरकतं. लाल शाईचा तर भरवसाच नाही. फळीवर आडवी ठेवून तशीच गोठवा.

मधलीआळी
एवढं कशाला? ऊन पडलं की गच्चीवर पसरायचं.

कागदवेडा
उन्हात वरचं पान आधी आकसतं, आतलं ओलंच राहतं. कागद तडकतो, फोटोचा थर सोलून निघतो. सावलीत, पंख्याचा झोत भिंतीकडे वळवून. बाहेर पाऊस असताना खिडक्या उघडून फायदा नाही, बाहेरची हवा आतल्याहून ओली असते. जनरेटर आणि भाड्याचा डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) तयारीच्या कागदात लिहून ठेवा.

काचेला चिकटलेला फोटो ओढायचा नाही. आधी काचेतूनच त्याचा फोटो घ्या. सुटे फोटो थंड स्वच्छ पाण्यात ठेवा, पण दोन दिवसांच्या वर नाही, आणि चित्राच्या बाजूला बोट लावू नका. काचेच्या निगेटिव्ह गोठवायच्या नाहीत.

गंजपुराण
धातू-लाकडाचं मी सांगतो. लोखंडी हत्यारं त्याच दिवशी धुऊन पुसून कोरडी. खाडीच्या पाण्यात मीठ असतं, शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याचं हवं. ताम्रपटाला चिंच, लिंबू, भांडी चमकवायची पावडर अजिबात नाही. हौशी मदतनीस नेमकं हेच करतात आणि हिरव्या थराबरोबर अक्षरांची धारही जाते. लाकूड भराभर वाळवलं की फाटतं आणि रंग सुटतो. प्लास्टिकच्या सैल चादरीखाली ठेवून ती रोज थोडी बाजूला सारा. उष्ण हवेचा झोत नको.

गाळात सांडपाणी आणि डिझेल असतं. गमबूट, हातमोजे, मास्क. लेप्टोच्या (पुराच्या घाण पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस ताप) गोळ्यांचं डॉक्टरांना आधी विचारा. नोंदवहीची प्रत दुसऱ्या गावात हवी. ती भिजली तर कोणती वस्तू कुठली हे सांगणारं कुणी उरत नाही.

आठवणवही
आठवणींच्या ध्वनिमुद्रणासाठी: वेव्ह फाइल (WAV, आवाज न दाबता साठवणारी), ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, पंखा बंद. पहिल्या वाक्यात नाव, जागा, तारीख आणि पूर कोणता. २००५ आणि २०२१ लोकांच्या बोलण्यात सहज मिसळतात, म्हणून दर प्रसंगाला "हे कुठल्या वेळचं?" विचारा. पुण्यात १२ जुलै १९६१ चं पानशेत आणि नंतरचे मुठेचे पूर यांचंही असंच होतं.

"छातीभर पाणी" पुरेसं नाही. माणूस जिथे उभा होता तिथे जा, भिंतीवरची खूण जोत्यापासून टेपने मोजा. जमीन पुढे भराव घालून उंचावते, जोतं सहसा तिथेच राहतं. पाणी आधी गटारातून आलं की रस्त्यावरून, तेव्हा भरती होती का, हेही विचारा.

धरणाबद्दल लोक बोलणारच, कारण कोयनेच्या वीजघरांचं पाणी कोळकेवाडी धरणामार्गे चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत येतं. दोषारोप काटछाट न करता ठेवा, पण "सांगणाऱ्याचं म्हणणं" अशी नोंद करून. संमतिपत्रावर तीन पर्याय द्या: सर्वांसाठी खुलं, नाव झाकून खुलं, अमुक वर्षं बंद. मृत्यूच्या आठवणींबद्दल कुटुंबाला काही महिन्यांनी पुन्हा विचारा. पहिल्या भरात दिलेली संमती बरेचदा बदलते.