एकदा कॉपी झालेला डीएनए पुन्हा कॉपी का होत नाही?

जीटूमध्ये_अडकले: एमएस्सीला आहे. पेशीचक्र वाचताना तीन दिवस एकाच जागी घुटमळतेय. एस फेजमध्ये, म्हणजे डीएनए कॉपी होण्याच्या टप्प्यात, सीडीके हे एन्झाइम डीएनएची प्रतिकृती सुरू करतं, हे कळलं. पण त्यानंतरच्या जी-टूमध्ये (विभाजनाआधीच्या टप्प्यात) सीडीके कमी होत नाही, उलट वाढतं. मग त्याच ओरिजिनवरून (जिथून कॉपी सुरू होते त्या जागेवरून) पुन्हा सुरुवात का होत नाही? तिथला सिक्वेन्स तर तोच असतो! पुस्तकात ‘लायसन्सिंगमुळे’ एवढं एकच वाक्य आहे.

वाचक: जी-वनमध्ये, म्हणजे एस फेजच्या आधी, ओआरसी, सीडीसी-6 आणि सीडीटी-1 ही प्रथिनं मिळून डीएनएवर एमसीएम प्रथिनांची कडी चढवतात; हेच लायसन्सिंग. कडी नाही तर सुरुवात नाही. एस फेजमध्ये ती कडी फोर्कबरोबर (डीएनए उलगडून कॉपी होत असतो त्या टोकाबरोबर) पुढे निघून जाते आणि ओरिजिन रिकामं होतं.

केंद्रकवेडी: बरोबर, पण नवी कडी का चढत नाही, खरी मेख तिथे आहे. सीडीके चढलेल्या कड्या चालू करायला मदत करतं आणि त्याच वेळी नव्या चढू देत नाही. म्हणजे जी-टूमध्ये ते जास्त असतं हीच तुझ्या प्रश्नाची अडचण नसून उत्तर आहे. आपल्या पेशींत याला आणखी जोड आहे: एस फेजमध्ये सीडीटी-1 तोडलं जातं, आणि जे उरतं त्याला जेमिनिन हे प्रथिन धरून ठेवतं. पेशी दुभंगताना एपीसी हे प्रथिनं तोडायला लावणारं संकुल जेमिनिनचा फडशा पाडतं, सीडीकेही उतरतं, आणि मगच कड्या पुन्हा चढतात.

हे मी रोज डोळ्यांनी बघते. फुची पेशींत, म्हणजे पेशीचक्राचा टप्पा रंगाने दाखवणाऱ्या पेशींत, सीडीटी-1चा तुकडा लाल आणि जेमिनिनचा हिरवा चमकतो. केंद्रक आधी लाल, मग थोडा वेळ पिवळं, मग हिरवं. विभाजनाच्या वेळी केंद्रकाचं आवरण विरघळतं, हिरवा रंग पेशीभर पसरतो आणि बघता बघता विझतो. दोन्ही पिल्लं काही काळ बिनरंगी असतात.

एकदा आम्ही जेमिनिन काढून टाकलं. फ्लो सायटोमेट्रीच्या (इथे पेशीतला डीएनए मोजणाऱ्या तंत्राच्या) आलेखात 4एनच्या, म्हणजे एकदा कॉपी झाल्यावर असतो तेवढ्या डीएनएच्या, पलीकडे लांबच लांब शेपूट आलं. मला वाटलं, पेशी एकमेकींना चिकटल्यात. जोड्या वगळून पाहिलं, तरी शेपूट तिथेच! स्लाइडवर केंद्रकं टम्म फुगलेली. कॉपीवर कॉपी चालली होती.

आणि 1970 चा राव आणि जॉन्सन यांचा प्रयोग वाचच. त्यांनी हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या पेशी) एकमेकींत विलीन केल्या. एस फेजच्या पेशीशी जोडल्यावर जी-वनचं केंद्रक लवकर कामाला लागलं, जी-टूचं मात्र ढिम्म राहिलं. एमसीएमचा पत्ता लागण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. मला तो प्रयोग अजूनही अतिशय सुंदर वाटतो.

जीटूमध्ये_अडकले: आता उलगडलं! पण मग प्रत्यक्ष वापरल्या जातात त्याहून कितीतरी जास्त कड्या का चढवतात?

केंद्रकवेडी: एस फेज सुरू झाल्यावर नवी चढवता येत नाही ना, म्हणून. समोरासमोर येणारे दोन फोर्क वाटेत अडकले, तर मधला तुकडा कोण कॉपी करणार? तिथे आधीच चढवून ठेवलेली, तोवर झोपलेली कडी जागी होते.