कार्बन क्रेडिटला आपल्या मराठीत काय म्हणावं?

कोरडवाहू: आमच्या शेतकरी कंपनीच्या बैठकीसाठी एका इंग्रजी पत्रकाचं मराठी करून राहिलो. पऱ्हाट्या-तुराट्या (कपाशीची अन् तुरीची वाळली झाडं) धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पेटवून न देता कमी हवेत जाळून कोळसा करायचा (बायोचार), तो वावरात टाकायचा अन् त्यावर कार्बन क्रेडिट मिळवायचं, असा विषय. मी 'कार्बन पत' लिहिलं, चार जणांत वाचून दाखवलं तर एक काका म्हणाले, "सोसायटीचंच फिटलं नाही बापा, नवीन कर्ज नको." त्यायचं काय चुकलं, क्रेडिट म्हटलं की गावात किसान क्रेडिट कार्डच आठवते. दुसरा शब्द सुचवा.

जुनी वही: पत माणसाची असते भाऊ, धुराची नाही. हे नावे-जमातलं 'जमा' आहे. १ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाऊ दिला नाही किंवा हवेतला ओढून साठवला, की १ क्रेडिट. सरळ 'कार्बन जमा' लिहा.

ताईचं मत: जमा लिहाल तर लोक दुसऱ्या दिवशी बँकेत पासबुक घेऊन उभे राहतील! आधी मोजणी, मग तपासणी, मग कोणी विकत घेतलं तर पैसे. त्यात २०२३ मध्ये केंद्र सरकारनं कार्बन क्रेडिटची योजना काढली अन् ग्रीन क्रेडिटची (झाडं लावणं वगैरे कामांसाठी) वेगळी, दोन्हीला 'पत' लावली तर अजून घोळ.

शुद्ध मराठी: जमा अरबी आहे. 'कर्बश्रेय' करा.

जुनी वही: मग कागद, हिशोब सगळंच टाकून द्या सर. अन् श्रेय म्हटलं की गावात बॅनरवरचे फोटो आठवतात.

कोरडवाहू: पण 'कर्ब' मले पटला. माती परीक्षणाच्या कागदावर 'सेंद्रिय कर्ब' छापूनच येते, आमच्या माणसाले कार्बनपेक्षा तो जवळचा.

ताईचं मत: काकांना एक सांगा, खरं कर्ज 'हरित रोखे' म्हणतात त्यात असते, अन् ते सरकार, कंपन्या पर्यावरणाच्या कामांसाठी घेतात. केंद्रानं पहिले रोखे जानेवारी २०२३ मध्ये काढले, ८,००० कोटींचे. ते व्याजासकट परत करावे लागतात, क्रेडिट परत करायचं नसते. कर्ज नाही हे पहिल्याच ओळीत लिहा, शब्द कोणताही ठेवा.

तुराटीचा कूड: मधातच विचारतो, पऱ्हाट्या जाळायच्या काऊन लिहिलं? पऱ्हाटी म्हणजे तर उभं पीक. आमची आजी "पऱ्हाटी फुलावर आली" म्हणे.

कोरडवाहू: उभी ते पऱ्हाटी, वेचणी होऊन वाळली की पऱ्हाट्या. आमच्याकडं असंच आहे.

जुनी वही: आमच्याकडे दोन्हीला पराटी. आजोबा ती अशी पेटवून देत नव्हते, वर्षभराचं सरपण होतं ते, तुराट्यांचा कूड व्हायचा. सिलिंडर आला अन् ती धुऱ्यावर पेटायला लागली.

तुराटीचा कूड: पराटी नाही हो, पळाटी. माझ्या मामाच्या गावात आजही पळाटीच म्हणतात.