अनुभव धागा: वाऱ्यातला सराव

सरावाचा तक्ता आखताना अंतर, चढ, वेग, विश्रांतीचे दिवस या सगळ्यांचा हिशेब होतो. वाऱ्यासाठी मात्र त्यात रकाना नसतो. मग नेमक्या लांब पल्ल्याच्या दिवशी समोरून जोराचा वारा सुटतो आणि ठरवलेले सगळे आकडे कोलमडतात. म्हणून सायकल चालवणाऱ्या आणि धावणाऱ्या मंडळींना एकच प्रश्न विचारला होता: वाऱ्याच्या दिवशी तुम्ही नेमके काय बदलता? आलेले अनुभव खाली देत आहे. काही ठिकाणी ते एकमेकांच्या विरोधात जातात. ते तसेच राहू दिले आहेत.

वाचण्याआधी एक गणित लक्षात असू द्यावे, कारण बहुतेक अनुभवांच्या मुळाशी तेच आहे. हवेचा विरोध आपल्या रस्त्यावरच्या वेगावर नव्हे, तर हवेच्या सापेक्ष वेगावर ठरतो आणि तो त्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 25 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराला समोरून ताशी 15 किलोमीटरचा वारा लागला, तर त्याच्या दृष्टीने हवा ताशी 40 किलोमीटर वेगाने अंगावर येते आणि विरोध अडीचपटीहून अधिक होतो. तोच वारा पाठीमागून आला, तर हा विरोध साधारण एक-षष्ठांश उरतो.

लांब पल्ल्याचा सायकलपटू

जाताना वारा नडला तरी येताना तो परतफेड करेल, या आशेवर मी बराच काळ सायकल चालवत होतो. ती परतफेड कधीच पूर्ण होत नाही. समजा, 40 किलोमीटरची फेरी आहे. जाताना वेग ताशी 20 पडला आणि येताना 32 मिळाला. मनातल्या मनात आपण सरासरी 26 धरतो, पण प्रत्यक्षात ती 25 च्याही खाली राहते, कारण संथ वेगाच्या टप्प्यात आपण कितीतरी अधिक वेळ काढलेला असतो. हे कागदावर मांडून पाहिल्यापासून वाऱ्याच्या दिवशी सरासरी वेगाकडे पाहणेच मी सोडले. सायकलच्या संगणकावर त्या दिवशी वेगाचा रकाना झाकलेला असतो. दिसतात ते फक्त वॉट (पेडलवर लागणारी ताकद) आणि हृदयगती. ज्यांच्याकडे ही ताकद मोजणारा पॉवर मीटर नाही त्यांनी श्वासाकडे लक्ष द्यावे. पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर श्रम योग्य आहेत, मग वेग ताशी 17 का असेना.

दुसरी गोष्ट बसण्याची. सपाट रस्त्यावर ताशी 30 किलोमीटरच्या पुढे सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच खर्च होते आणि त्या विरोधातला मोठा वाटा सायकलचा नसून शरीराचा असतो. त्यामुळे महागडी चाके घेण्याआधी कोपरे वाकवून, खांदे आत घेऊन, हात ड्रॉप्सवर (हँडलच्या खाली वळलेल्या भागावर) ठेवून तासभर बसता येते का ते पाहावे. ते एका दिवसात जमत नाही. पाठ आणि मान यांना सवय लागावी म्हणून मी वारा नसतानाही थोडा थोडा वेळ तसा बसतो. फडफडणारे सैल जाकीट तर सरळ घरी ठेवतो.

गिअरबद्दल एवढेच सांगतो की जड गिअर रेटत बसल्याने गुडघे बोलू लागतात. एक-दोन गिअर हलके करून पायांची लय नेहमीइतकीच ठेवली, तर उरलेल्या अंतरासाठी मांड्या शिल्लक राहतात.

मॅरेथॉनची तयारी करणारी धावपटू

आम्हा धावणाऱ्यांचा वेग कमी, म्हणून वाऱ्याचा फरक पडत नाही, असे अनेकजण समजतात. शांत हवेत ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु ताशी 12 किलोमीटर वेगाने धावताना समोरून ताशी 18 किलोमीटरचा वारा आला, तर विरोध सहापटीहून अधिक होतो आणि तो फरक पायांना स्पष्ट जाणवतो. ग्रिफिथ प्यू या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1971 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले होते की मध्यम पल्ल्याच्या शर्यतीच्या वेगाला एकूण ऊर्जेतील सुमारे साडेसात टक्के हिस्सा हवेचा विरोध मोडण्यात जातो, आणि दुसऱ्या धावपटूच्या मागे एक मीटरवर धावल्यास त्यातला बहुतेक भार टळतो. एल्यूड किपचोगे याने 2019 मध्ये व्हिएन्ना येथे 1 तास 59 मिनिटे 40 सेकंदांत मॅरेथॉनचे अंतर कापले, तेव्हा पाच पेसर (वेग राखून देणारे धावपटू) त्याच्या पुढे आणि दोन मागे धावत होते. ती रचना उगाच केलेली नव्हती.

मी यातून स्वतःपुरता घेतलेला नियम साधा आहे. वाऱ्याच्या दिवशी टेम्पो रन (ठरलेल्या जोरकस वेगाची धाव) असेल, तर किलोमीटरचा पेस (एका किलोमीटरला लागणारा वेळ) सोडून द्यायचा आणि वेळेवर धावायचे, म्हणजे पाच किलोमीटरऐवजी पंचवीस मिनिटे, ठरलेल्या श्रमाने. मैत्रिणी सोबत असल्या तर आम्ही पुढे राहण्याची पाळी ठराविक मिनिटांनी बदलतो. सगळ्यात उंच मैत्रिणीची पाळी लांबवण्याचा मोह सर्वांना होतो आणि तिला तो कळतो.

शर्यतीच्या दिवशी हे अधिकच महत्त्वाचे ठरते. 2018 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये थंडी, पाऊस आणि समोरचा वारा असे तिन्ही एकत्र आले होते. डेझिरी लिंडेन त्या वर्षी महिला गटात 2 तास 39 मिनिटे 54 सेकंदांत जिंकली. एरवी त्या पातळीवर ही वेळ कुणी विजयाची मानली नसती, पण त्या दिवशी ती सर्वांच्या पुढे होती. माझ्या ठरवलेल्या वेळेपेक्षा काही मिनिटे जास्त लागणार असे दिसू लागले की मी हे उदाहरण आठवते आणि घड्याळाशी भांडणे थांबवते.

पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याबद्दल मात्र सावध करावेसे वाटते. वारा आणि आपण साधारण एकाच वेगाने चाललो असलो, तर अंगाभोवती हवा हलतच नाही, घाम वाळत नाही आणि उन्हाळ्यात शरीर झपाट्याने तापते. समोरच्या वाऱ्यात उलटे होते: घाम लगेच उडून जातो, घाम आलाच नाही असे वाटते आणि पाणी प्यायचे राहून जाते.

वजनाने हलकी असलेली सायकलपटू

समोरचा वारा फार तर दमवतो; पाडतो तो आडवा. माझे वजन कमी असल्याने हा फरक मला इतरांच्या आधी कळला. सलग वाहणाऱ्या आडव्या वाऱ्याशी जुळवून घेता येते, कारण सायकल किंचित वाऱ्याकडे झुकवून आपण तोल साधतो. धोका असतो तो अचानक येणाऱ्या झोताचा आणि त्याहून जास्त तो अचानक थांबण्याचा. भिंतीच्या किंवा झाडीच्या आडोशातून मोकळ्यावर येताना, पुलावर चढताना आणि मोठा ट्रक शेजारून जाताना हे घडते. ट्रक क्षणभर वारा अडवतो, आपण झुकलेलेच असतो आणि सायकल त्याच्याच दिशेने ओढली जाते. त्यामुळे अशा जागा आधीच हेरून मी रस्त्याच्या अगदी कडेला न राहता दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडते.

हातांची पकड घट्ट केली की परिस्थिती बिघडते, कारण खांद्यांचा प्रत्येक हिसका थेट पुढच्या चाकात उतरतो. पकड सैल, कोपरे वाकलेली, वजन पेडलवर, आणि उतारावर गुडघा सायकलच्या दांड्याला टेकवलेला, अशी माझी पद्धत आहे. पुढच्या चाकाला उंच कडांची रिम लावू नये, हेही आवर्जून सांगते. मागच्या चाकावर वारा आदळला तर सायकल सरकते. पुढच्या चाकावर आदळला तर तो हँडलच वळवतो. हवाईतील कोना येथील आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनच्या (पोहणे, सायकल आणि धावणे) जागतिक स्पर्धेत वाऱ्यामुळे पूर्ण बंद डिस्क चाकांना वर्षानुवर्षे बंदी होती, तीही मागच्या चाकासकट. तिथे उतरणारे सायकलस्वार तर माझ्यापेक्षा कितीतरी तरबेज असतात.

गटाने सायकल चालवणारा

गटात एकाच्या मागे एक राहण्याचा फायदा सर्वांना ठाऊक असतो, पण आडव्या वाऱ्यात तो आडोसा नेमका मागे नसून तिरका, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला असतो. वारा डावीकडून असेल तर पुढच्याच्या उजव्या खांद्यामागे जागा मिळते. सगळे असे तिरके लागत गेले की रस्त्याच्या रुंदीभर एक तिरपी रांग तयार होते. तिला एकेलॉन म्हणतात. रस्ता संपला की रांगही संपते. उरलेले कडेला एकामागे एक लटकतात आणि त्यांना आडोसा मिळत नाही. व्यावसायिक शर्यती इथेच फुटतात. 2013 च्या टूर द फ्रान्सच्या तेराव्या टप्प्यात पर्वत नव्हता, तरीही वाऱ्यामुळे गट तुटले आणि एकूण आघाडीची पिवळी जर्सी घातलेल्या क्रिस फ्रूमलाही प्रतिस्पर्धी अल्बर्टो कॉन्टाडोरच्या गटामागे एक मिनिटाहून अधिक वेळ गमवावा लागला.

हे पाहून वाहत्या रस्त्यावर हौशी गटाने एकेलॉन करू नये. संपूर्ण मार्गिका अडवून चालण्याइतका तो रस्ता आपला नसतो. आम्ही दोन-दोनच्या लहान तुकड्या करतो, पुढच्या चाकाशी चाक कधीच ओव्हरलॅप होऊ देत नाही, आणि पुढे असणाऱ्याने दमण्याआधी बाजूला व्हावे असा दंडक ठेवतो. वाऱ्याच्या दिवशी पुढची पाळी लांबवण्यात शौर्य नाही. त्याने गटाचा वेग पडतो आणि दमलेला माणूस मागे एकटा सुटतो. आणखी एक गोष्ट म्हणजे वाऱ्यात मागून मारलेली हाक पुढे पोहोचत नाही, त्यामुळे खड्डा, थांबणे आणि वळणे यांसाठी हाताच्या खुणा आधी ठरवून घ्याव्यात.

नव्याने धावू लागलेला

माझा अनुभव छोटा आहे. वाऱ्यात धावताना सर्वांत आधी डोळे हरतात. धूळ टाळायला मी मान खाली घालत असे आणि त्यामुळे कंबरेतून वाकून धावत असे. साधा पारदर्शक चष्मा लावल्यावर मान आपोआप वर आली. वाऱ्याकडे झुकायचे ते घोट्यातून, कंबरेतून नव्हे, हेही तेव्हाच उमगले. पावले लहान आणि भराभर टाकतो. कानांत वारा घोंगावत असल्याने मागची वाहने ऐकू येत नाहीत, म्हणून इअरफोन त्या दिवशी खिशात राहतात.

ट्रायथलॉनचा सराव करणारी

वारा सोसण्यापेक्षा तो कधी नसेल हे शोधणे मला अधिक उपयोगी वाटते. निरभ्र दिवसांत रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवा जड होऊन स्थिर राहते आणि वरचा वेगवान वारा खाली पोहोचत नाही. सूर्य वर आला की जमीन तापते, हवा ढवळली जाते आणि वारा खाली उतरतो. म्हणूनच पहाटे शांतता आणि दुपारी जोर असा क्रम दिसतो. किनाऱ्यालगत त्यात दुपारच्या समुद्री वाऱ्याची भर पडते. माझे सगळे वेगाचे सराव सूर्योदयाच्या आसपास असतात, ते शिस्तीपेक्षा या कारणासाठी.

अंदाज वाचताना दोन आकडे पाहावेत: सरासरी वारा आणि झोत. या दोहोंतली तफावत मोठी असेल, तर सरासरी कमी असूनही मी सायकल काढत नाही. शिवाय हे आकडे जमिनीपासून 10 मीटर उंचीवरचे असतात. आपल्या उंचीवर, विशेषतः झाडी-इमारतींमध्ये, वारा त्याहून कमी असतो, तर उघड्या माळावर हा फरक कमी असतो. बाहेर पडताना मी ब्यूफोर्ट मापनश्रेणीप्रमाणे (आजूबाजूच्या खुणांवरून वाऱ्याचा जोर ठरवण्याची पद्धत) झाडे पाहते. धूळ आणि कागद उडत असतील आणि लहान फांद्या हलत असतील, तर वारा ताशी 20 ते 28 किलोमीटर आहे. अशा दिवशी सायकल जमते. पालवी असलेली लहान झाडे डुलत असतील, तर 29 ते 38, आणि तेव्हा फक्त धावणे. मोठ्या फांद्या हलू लागल्या आणि छत्री सावरणे कठीण झाले, म्हणजे 39 च्या पुढे, की मी घरातल्या ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवण्याच्या साधनावर) बसते. ट्रेडमिलवर धावायचे असेल तर एक टक्का चढ देते, म्हणजे बाहेरच्या हवेच्या विरोधाची ढोबळ भरपाई होते.

प्रशिक्षण देणारा, थोडा वेगळ्या मताचा

वारा म्हणजे सपाट मुलखातला चढ, असे नेहमी सांगितले जाते. मला ते अर्धेच पटते. चढ संपला की उतार येतो आणि पाय थांबवता येतात. समोरच्या वाऱ्यात पाय थांबवले की सायकलही थांबू लागते. त्यात विश्रांती नाही. त्यामुळे तासभराच्या वाऱ्याने येणारा थकवा हा चढाच्या थकव्यापेक्षा एकसुरी असतो आणि मनावर अधिक येतो. नेदरलँड्समध्ये तर समुद्रावरच्या धरणावर, भर वादळी वाऱ्यात, साध्या एका गिअरच्या सायकलींवर समोरच्या वाऱ्याची राष्ट्रीय स्पर्धा भरते. अंतर जेमतेम साडेआठ किलोमीटर असते आणि तेवढे पुरते.

आधी वाऱ्याविरुद्ध जावे आणि येताना तो पाठीशी घ्यावा, हा सल्ला लांब पल्ल्याला योग्यच आहे, विशेषतः थंडीत, कारण घामाने भिजल्यावर परतीला वारा समोरून लागला तर अंग झटकन गारठते. पण वेगाच्या सरावासाठी मी उलटे करायला लावतो. वारा पाठीशी घेऊन ताज्या पायांनी धावले, की शरीराला नेहमीपेक्षा वेगवान पावलांची ओळख होते. सायकलवरही मोठ्या वेगाला लय टिकवण्याचा सराव पाठवाऱ्यातच मिळतो. त्या दिवशीच्या वेळा मात्र नोंदवहीत वेगळ्या रकान्यात लिहायच्या. 100 मीटरच्या शर्यतीतही सेकंदाला 2 मीटरहून अधिक पाठवारा असेल तर विक्रम मान्य होत नाही. माझ्याकडे येणारे सगळे आता तारखेपुढे वाऱ्याची दिशा आणि जोर लिहितात, आणि महिन्यांनी जुने आकडे तपासताना कोणता दिवस खरोखर वाईट गेला आणि कोणता नुसताच वाऱ्याचा होता, हे त्यावरून वेगळे काढता येते.